चार पावलांवर

बटाट्याची साल आता जाड निघत होती. पूर्वी बायको बटाटा सोलायची तेव्हा साल इतकी पातळ असायची की खिडकीसमोर धरली तर उजेड आरपार दिसावा, आणि एका बटाट्याची एकच लांब पट्टी. आता सुरी डाव्या हातात होती. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये तिने बटाटा धरला होता. मधली तीन बोटे नव्हती. साल तुकड्यातुकड्यांनी भांड्यात पडत होती आणि प्रत्येक तुकड्याला नाण्याच्या जाडीचा गर चिकटलेला होता.

फौजी दारात उभा राहून ते पाहत होता.

"आण इकडे, चार-दोन मी सोलतो," तो म्हणाला.

तिने मान वर केली. त्याची नजर आपल्या तोंडाकडे येईपर्यंत ती थांबली आणि मगच बोलली. "तुम्ही सोललात की बटाट्याचा वाटाणा होतो. त्यापेक्षा बाहेर बसा. त्यांची गाडी आली की सांगा."

"सांगतो."

तो बाहेर जाऊन बाकावर बसला. दूरवरून येणारा गाडीचा बारीक आवाज आधी तिलाच येणार, हे दोघांनाही माहीत होते.

लेक, जावई आणि सात महिन्यांची नात जेवायला येणार होती. लेकीची रजा पंधरा दिवसांत संपत होती. नात पोटात असतानाच ठरले होते की लेक कामावर गेली की छोटी आठवड्याचे पाच दिवस आजीजवळ राहील. आजीने मागची खोली तेव्हाच रंगवून घेतली होती. भिंतीला पिवळा रंग, खिडकीला जाळी, कोपऱ्यात लाकडी पाळणा. पाळणा फौजीने स्वतः केला होता. त्याच्या कडा त्याने तीनदा घासल्या होत्या. गेले आठ महिने त्या खोलीबद्दल लेक काही बोलली नव्हती. आज बोलेल, असे त्याला सकाळपासून वाटत होते.

तोफखान्यात सोळा वर्षे काढून तो गावी परतला त्याला आता सव्वीस वर्षे झाली होती, तरी गाव त्याला फौजीच म्हणत असे. पुढे बढती मिळणार होती. पण लेक शाळेत जायला लागली होती आणि सुट्टीवर आलेल्या बापाला ती 'पाहुणे' म्हणाली होती. तो राजीनामा देऊनच परत आला. त्यानंतर रोज सकाळी तिच्या दोन वेण्या तोच घालायचा. त्या इतक्या घट्ट असत की तिच्या भुवया वर ओढल्या जायच्या. वर्गात बाई तिला विचारायच्या, "काय गं, कसलं एवढं आश्चर्य वाटलंय?"

फौजेतून येताना त्याने आणखी एक गोष्ट घरात आणली होती. तोफेपाशी एक नियम होता. हुकूम ज्याच्यासाठी असेल त्याने उजवा हात सरळ वर करायचा. हात वर म्हणजे ऐकले. हात वर गेला नाही तर हुकूम पुन्हा द्यायचा. तोफा सुरू झाल्यावर तोंडी उत्तराला काही अर्थ नसे. शेतावर हा नियम फार सोयीचा निघाला. बायको बांधावरून हाक मारायची, तो दूरवरून हात वर करायचा, आणि ती माघारी वळायची. लेकही शिकली. पाच वर्षांची असताना दूध पी म्हटले की ती हात वर करायची आणि पेला तसाच ठेवून पळायची. पकडली की म्हणायची, "ऐकलं म्हणून हात केला बाबा. पिते असं कुठं म्हटलं?"

त्याचे कान एका दिवसात गेले नाहीत. ते वरून खाली गेले. आधी बारीक आवाज गेले: पाखरांचे, फोनच्या घंटीचे, किटलीच्या शिटीचे. मग लहान मुलांचे शब्द विरघळल्यासारखे ऐकू यायला लागले. जाड आवाज मात्र शाबूत होते. गाईचे हंबरणे, पुरुषांचे बोलणे, ट्रॅक्टर, डिझेल इंजिन. इंजिनाच्या ठोक्यात अर्ध्या क्षणाचा फरक पडला तरी त्याला कळायचे. म्हणून कोणाला शंकाच आली नाही. गावचा मेकॅनिक तर म्हणायचा, "फौजी, तुमचे कान मला विका. मी झाकण उघडायच्या आधी तुम्ही रोग सांगून मोकळे."

बायकोचा आवाज बारीक होता.

पहिले वर्षभर त्याला वाटले, ती हल्ली हळू बोलते. दुसऱ्या वर्षी त्याला कळले की ती हळू बोलत नाही. तेव्हाच तो सांगू शकला असता. पण तालुक्याच्या शाळेत पूर्वी एक बहिरा पहारेकरी होता. पोरे त्याच्यासमोर नुसते ओठ हलवून त्याची फजिती करत, आणि मोठी माणसेही हसत. फौजीही हसला होता. पोट धरून हसला होता. त्यामुळे त्याने सांगितले नाही. त्याऐवजी तो लोकांच्या तोंडाकडे बघायला लागला. आणि जिथे तोंड दिसत नसे, म्हणजे शेतात, गोठ्यात, इंजिनापाशी, तिथे तो हात वर करायचा. कोणी आपल्याकडे वळून काही म्हणतेय असे वाटले की हात वर. सवय जुनी होती, त्यात कोणाला खोट दिसली नाही.

एकदा तो शहरात कानाच्या डॉक्टरकडे गेलाही होता. नाव नोंदवून बाकावर बसला. नाव पुकारले गेले असणार. त्याला कळले नाही. दीड तासाने तो उठून घरी आला आणि बायकोला म्हणाला, बँकेत गर्दी होती.

आठ महिन्यांपूर्वी अपघात झाला तो दिवस कोरडा आणि स्वच्छ होता. गुरांसाठी मक्याची धाटे कापायची होती. कुट्टी मशीनला समोर एक पन्हाळी असते, तिच्यातून धाटे आत सरकवायची. दोन दातेरी रूळ ती ओढून घेतात आणि पलीकडे फिरणारी पाती तुकडे करतात. रूळ एकदा धरलेले सोडत नाहीत. म्हणून इंजिनापाशी दुसरा माणूस लागतो. त्याला काम एकच: हाक आली की दांडी ओढून पट्टा उतरवायचा. मशीनपासून इंजिन चार पावलांवर होते. बायको धाटे सरकवत होती, तो इंजिनापाशी होता. बावीस वर्षे ते दोघे हे काम असेच करत आले होते.

तेल कुठून गळते ते पाहायला तो गुडघ्यावर बसला होता. डोळ्याच्या कडेने त्याला दिसले की बायकोने तोंड त्याच्याकडे वळवले आहे आणि ते उघडे आहे. त्याला वाटले, ती काहीतरी म्हणतेय. बहुधा पुढची पेंढी घेते असे म्हणत असेल.

त्याने उजवा हात वर केला आणि पुन्हा तेलाकडे पाहिले.

मग इंजिनाचा आवाज जड झाला. ओल्या धाटाने होतो तसा नाही, वेगळा. तो त्याला लगेच ऐकू आला. त्याने दांडी ओढली. पट्टा उतरला, तोवर तिचा सुती हातमोजा आणि हातमोज्यातली तीन बोटे रुळांच्या पलीकडे गेली होती.

ती तेव्हा ओरडत नव्हती. ती त्याच्या हाताकडे पाहत होती.

दवाखान्यात तरुण डॉक्टर चिडलेला होता. दर हंगामात अशी चार माणसे येतात, तो म्हणाला. त्याचा आवाज जाड होता, फौजीला शब्द न् शब्द ऐकू आला. "इंजिनपाशी तुम्ही होतात ना? मग यांनी हाक मारली नाही का?"

फौजी टोपी हातात धरून उभा होता. तो म्हणाला, "नाही. हिनं हाकच मारली नाही."

हे वाक्य त्याने ठरवून उच्चारले नव्हते. पण उच्चारल्यावर मागेही घेतले नाही. बायकोने खाटेवरून त्याच्याकडे पाहिले. फार वेळ नाही, दोन श्वासांइतका. मग तिने डॉक्टरकडे तोंड फिरवले आणि मान हलवली. तिचे ओठ त्याने वाचले. "माझंच लक्ष नव्हतं."

त्यानंतर ते वाक्य गावभर झाले. मेकॅनिक मशीनला लोखंडी जाळी बसवायला आला तेव्हा गोठ्यात शेजारची तीन-चार माणसे जमली होती. मेकॅनिक स्वभावाने वाईट नव्हता, पण ऐकणारे मिळाले की त्याला चेव चढे.

"वहिनी, मशीनसमोर उभं राहून स्वयंपाकाचा विचार करायचा नाही," तो म्हणाला. "मशीनला काय, कणीस आणि बोट सारखंच. आणि तोंड कशाला दिलंय? एरवी बायकांचं तोंड बंद होत नाही, नेमकं तेव्हाच कसं मिटलं?"

माणसे हसली. बायकोही थोडी हसली. "चुकलंच माझं," ती म्हणाली. "आता जाळी नीट बसवा, म्हणजे तुम्हाला पुन्हा भाषण द्यायला यावं लागणार नाही."

"नशीब फौजी होते तिथं," मेकॅनिक म्हणाला. "इंजिनाचा आवाज ऐकून बंद केलं त्यांनी. नाहीतर कोपरापर्यंत गेला असता. कान आहेत म्हणून वाचलात."

फौजी पाना हातात घेऊन उभा होता. त्याने मेकॅनिकला दुसऱ्या मापाचा पाना दिला. एवढेच केले.

त्या रात्री जेवताना तो म्हणाला होता, "अगं, त्या दिवशी..."

"गोळ्या जेवणाआधी की नंतर हो?" तिने विचारले. "मी विसरले बघा."

ती विसरली नव्हती. ती गोळ्यांची वेळ कधीच विसरत नसे. तिने त्या विषयाचे दार लावून घेतले होते, कारण ते उघडले असते तर त्याच्याकडून ट्रॅक्टर गेला असता, इंजिन गेले असते, मेकॅनिकचे कौतुक गेले असते, आणि मग तो दिवसभर काय करणार, हे तिला दिसत होते. हे त्याला कळत होते. दार तिने लावले हे खरे. पण ते ढकलून बघायचे त्याच्या मनात आले नाही, कारण ते लागलेले असणे त्याच्या सोयीचे होते. आठ महिन्यांत त्याने गोठ्यात गाईसमोर ते अर्धवट राहिलेले वाक्य पुष्कळदा पुरे म्हणून पाहिले. गाईने दर वेळी शांतपणे ऐकून घेतले.

"आली बघा गाडी," बायकोने दारात येऊन, त्याच्यासमोर उभे राहून सांगितले.

जेवण ठीक झाले. जावई बोलका होता आणि सुदैवाने त्याचा आवाज भरदार होता. "बाबा, यंदा मका काय म्हणतोय?" त्याने विचारले.

"मका काही म्हणत नाही, उंदीरच जास्त बोलतात," फौजी म्हणाला, आणि सगळे हसले.

छोटी जागी झाली तेव्हा आजीने साडीला हात पुसले आणि तिला घ्यायला पुढे झाली. लेक पटकन म्हणाली, "आई, उभ्यानं नको. तू बस आधी. थांब, उशी देते." तिने मांडीवर उशी ठेवली, उशीवर छोटीला ठेवले, आणि स्वतःचे दोन्ही तळवे खाली धरून तशीच ओणवी उभी राहिली. छोटीने आजीची करंगळी पकडली. दोन मिनिटांनी लेकीने तिला उचलून घेतले.

"पाळणाघर बघितलंय आम्ही," जावई फौजीला म्हणाला. त्याने लेकीकडे एकदा पाहिले, मग बोलत राहिला. "ऑफिसजवळच आहे. स्वच्छ आहे. म्हणजे, आईंवर उगाच ताण नको."

"बरोबर आहे," आजी म्हणाली. "तिथं चार पोरं असतात. रमेल ती."

फौजीने पाण्याचा पेला उचलला आणि रिकामा आहे हे पाहून खाली ठेवला.

जेवणानंतर जावई आणि छोटी बाहेरच्या खोलीत झोपले. मायलेकी मागच्या अंगणात नळावर भांडी घासत होत्या. पुसून ठेवायचे काम हल्ली फौजीकडे होते. आधीच्या खेपेची ताटे घेऊन तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा होता. खिडकीतून बायकोची पाठ दिसत होती आणि तिच्यासमोर बसलेल्या लेकीचा चेहरा.

लेक काहीतरी बोलत होती. त्याला आवाज येत नव्हता, ओठ दिसत होते. सहा वर्षांत या घरातले सगळे ओठ त्याला पाठ झाले होते.

"मला काय आनंद होतो का तिला परक्यांकडे ठेवताना?" लेक म्हणत होती.

बायकोची पाठ हलली नाही.

"एक हाक, आई. एकच हाक मारायची होतीस. बाबा चार पावलांवर होते." लेकीने ओल्या मनगटाने डोळे पुसले. "सारखं तेच येतं डोक्यात. उद्या छोटी पायरीपाशी रांगत जाईल, आणि तू... तू काय विचारात असशील, काय माहीत. मी कशी ठेवू तिला तुझ्याजवळ? तूच सांग."

बायकोने काय सांगितले ते त्याला कळणे शक्य नव्हते. त्याला फक्त तिच्या डोक्याचा मागचा भाग दिसत होता, आणि तो दोनदा वरखाली झाला. ती मान हलवत होती. आठ महिने ती अशीच मान हलवत होती. डॉक्टरसमोर, मेकॅनिकसमोर, आता पोटच्या पोरीसमोर. तिचा उजवा हात मांडीवर उलटा ठेवलेला होता आणि डाव्या हाताने ती भांडे घासत होती. ते भांडे कधीच स्वच्छ झाले होते. ती घासतच होती.

फौजीने ताट ओट्यावर ठेवले. फडके घडी करून त्याच्यावर ठेवले. आपण घडी करत उभे आहोत, हे त्याच्या लक्षात आले आणि त्याला स्वतःची किळस आली.

तो मागच्या दाराने अंगणात गेला.

लेकीने मान वर केली आणि घाईने चेहरा सावरला. "बाबा, चहा टाकू? तासाभरात निघतो आम्ही."

बायको वळली. तिने त्याचा चेहरा पाहिला, आणि तिला कळले. भांडे हातातून सोडून ती उठली. "अहो, तुम्ही आत जा," तिचे ओठ म्हणाले. "छोटी उठलीय बहुतेक. जा ना, बघा जरा."

ते शब्द त्याने वाचले. मग त्याने तिच्या तोंडावरून नजर काढून घेतली. ती आणखी काही म्हणत असणार, विनवत असणार. पण तिच्याकडे पाहिले तर ती आपल्याला थांबवेल, आणि आपण थांबायला तयारच आहोत, हे त्याला ठाऊक होते. त्याने फक्त लेकीकडे पाहिले.

"आईनं हाक मारली होती," तो म्हणाला.

आवाज किती मोठा निघाला, त्याला अंदाज आला नाही. बहुधा फार मोठा निघाला असावा, कारण लेक दचकली.

"काय?"

"त्या दिवशी. तिनं मला हाक मारली होती. माझ्याकडे तोंड करून मारली. मी हात वर केला."

"म्हणजे तुम्ही ऐकलंत? मग बंद का नाही..." लेकीच्या हातात ओले ताट तसेच होते. तिने आईकडे पाहिले, मग पुन्हा त्याच्याकडे. "बाबा, मला कळत नाहीये. हात वर केलात म्हणजे ऐकलंत ना?"

त्याच्या बाहीला बायकोचा हात लागला. त्याने मान वळवली नाही.

"नाही ऐकलं," तो म्हणाला. "सहा वर्षं मला आईचा, तुझा, असा बारीक आवाज ऐकूच येत नाही. आताही तू काय बोललीस ते मी तिकडून खिडकीतून बघून समजलो. मी बहिरा आहे. डॉक्टरनं विचारलं तेव्हा खोटं मी बोललो, हिनं फक्त मान हलवली. आजपासून इंजिन बंद आणि ट्रॅक्टरही बंद. आणि छोटीला परक्याकडे ठेवायचं असेल तर ठेव, तो तुझा निर्णय आहे. पण आईला हाक मारता आली नाही म्हणून ठेवू नकोस."